ऑस्टिओपॅथच्या लेखी निरोगी म्हणजे कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्टिओपॅथीबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात कंबरदुखीपासून होते आणि गाडी शेवटी 'म्हणजे मी आजारी आहे की नाही?' इथे येऊन थांबते. म्हणून उपचारांच्या तंत्रापेक्षा आरोग्याच्या कल्पनेवरच जास्त लिहिलं आहे. मी मूळची फिजिओथेरपिस्ट. ऑस्टिओपॅथी नंतर शिकले. तिच्यातलं बरंच पटलं, काही अजिबात पटलं नाही, आणि ते खालच्या उत्तरांत लपवलेलं नाही.

१. ऑस्टिओपॅथ म्हणजे हाडांचे डॉक्टर ना?

नाही. हाडांचे डॉक्टर म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन. मोडलेलं हाड बसवणं, गुडघा बदलणं हे त्यांचं काम. ऑस्टिओपॅथ हाताने तपासतो आणि मुख्यतः हातानेच उपचार करतो: सांधे हलवणं, स्नायू सैल करणं, बरगड्या आणि श्वासपटल मोकळं करणं, जोडीला व्यायाम आणि राहणीमानाचा सल्ला. 'ऑस्टिऑन' म्हणजे ग्रीकमध्ये हाड, त्यामुळे हा घोळ होतो. (अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे, प्रश्न १० पाहा.)

२. मग ऑस्टिओपॅथ कोणाला निरोगी म्हणतो? ज्याला काही दुखत नाही त्याला?

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक सत्तरीचे वारकरी. एक्स-रेमध्ये गुडघ्यांची झीज स्पष्ट दिसते, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तरी आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर ते चालतात, रात्री पाय चेपून घेतात आणि पहाटे पुन्हा दिंडीत उभे असतात. दुसरा पस्तिशीचा, सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण दोन रात्री जागरण झालं की त्याची मान अवघडते आणि ती सुटायला आठवडा जातो.

रिपोर्ट वाचले तर आजारी पहिला. ऑस्टिओपॅथ मात्र रिपोर्टसोबत आणखी एक गोष्ट बघतो. ताण पडल्यावर शरीर सावरतं का, किती लवकर सावरतं, आणि त्यासाठी त्याला काय किंमत मोजावी लागते? ही सावरण्याची ताकद म्हणजे त्याच्या लेखी आरोग्य. दुखणं ही त्या ताकदीबद्दलची एक बातमी असते, पण एकमेव नाही. काहीच दुखत नसलेल्या माणसाची ताकद आतून संपत आलेली असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेची १९४८ ची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या 'संपूर्ण' सुस्थितीची आहे. त्या मापाने मोजलं तर आपल्या वाड्यात, सोसायटीत एकही निरोगी माणूस सापडायचा नाही. या व्याख्येवर पुढे बरीच टीका झाली आणि २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या माख्टेल्ड ह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जुळवून घेण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची क्षमता' असा पर्याय सुचवला. त्याआधी १९७९ मध्ये आरन अँटोनोव्हस्की या समाजशास्त्रज्ञाने प्रश्नच फिरवला होता: माणसं आजारी का पडतात हे विचारता, पण इतकं सोसूनही निरोगी कशी राहतात हे का विचारत नाही? ऑस्टिओपॅथना हे दोघंही आपले वाटतात, कारण त्यांच्या घरात हीच भाषा आधीपासून बोलली जात होती.

३. ही कल्पना मुळात आली कुठून?

एका बापाच्या दुःखातून आली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. मुलगा त्यांच्याच हाताखाली वैद्यकी शिकला, कॅन्ससमध्ये रुग्ण बघू लागला, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने उतरला. १८६४ मध्ये मेनिंजायटिसची साथ आली आणि स्टिलच्या घरातली तीन मुलं तिने नेली. डॉक्टर होते, औषधंही होती. पण त्या काळी औषध म्हणजे पाऱ्याचं कॅलोमेल, अफू आणि दारू. यातल्या कशानेही मुलं वाचली नाहीत.

पुढची दहा वर्षं स्टिल शरीररचना उकरत राहिले. यंत्रांची त्यांना लहानपणापासून ओढ होती आणि देहाकडेही ते त्याच नजरेने बघत: यंत्र उत्तम बनवलेलं आहे, मग अडतंय कुठे? २२ जून १८७४ हा ऑस्टिओपॅथीचा जन्मदिवस, असं ते स्वतः सांगत. त्यानंतर बरीच वर्षं ते मिसूरीतल्या गावोगाव हाडवैद्य म्हणून फिरले. १८९२ मध्ये कर्क्सव्हिल या छोट्या गावात त्यांनी शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात स्त्रियांनाही घेतलं.

रक्त विनाअडथळा वाहिलं तर शरीर आपलं काम स्वतः करतं, ही त्यांची मुख्य धारणा. शेतकऱ्याला ती लगेच कळेल. पाटात ढेकूळ अडकलं की पुढचा वाफा सुकतो. वाफ्याला औषध मारण्याआधी ढेकूळ काढा. रोग कोणालाही सापडेल, वैद्याने शोधायचं ते आरोग्य, असं त्यांनी १८९९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आणि ऑस्टिओपॅथीच्या प्रत्येक वर्गात आजही ते ऐकवलं जातं.

पाटाचं चित्र सुरेख असलं तरी अपुरं आहे. जंतू, जनुकं, प्रतिकारशक्तीचे घोळ त्यात बसत नाहीत. स्टिलचे विद्यार्थी जॉन मार्टिन लिटलजॉन, मूळचे स्कॉटलंडचे, यांनी हाडांवरचा भर कमी करून शरीरक्रियेवर आणला आणि १९१७ मध्ये लंडनमध्ये शाळा उभी केली. ब्रिटिश ऑस्टिओपॅथी तिथून वाढली.

४. ऑस्टिओपॅथीची चार तत्त्वं कोणती?

१९५३ मध्ये कर्क्सव्हिलच्या अध्यापकांनी ती शब्दबद्ध केली, नंतर त्यांत थोडे बदल झाले. देह, मन आणि आत्मा मिळून माणूस एकसंध आहे. शरीरात स्वतःचं नियमन करण्याची, स्वतःला बरं करण्याची आणि आरोग्य टिकवण्याची क्षमता आहे. रचना आणि कार्य एकमेकांना घडवतात. उपचार या तिन्हींच्या समजुतीवर आधारलेले असावेत.

चौथं तत्त्व हे तत्त्व कमी आणि शेवटची ओळ जास्त आहे. पहिल्याबद्दल आज कुठला डॉक्टर भांडणार नाही. खरा कस दुसऱ्या (प्रश्न ५) आणि तिसऱ्या (प्रश्न ७) तत्त्वाचा लागतो.

५. शरीर स्वतःला बरं करतं, तर बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू का?

करू नका. महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो, म्हणून सरळ सांगते.

बोट कापलं तर जखम भरते, ताप येतो आणि उतरतो, मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये स्वतःच जुळतं. डॉक्टर हाड जोडत नाही, ते नीट जागेवर ठेवतो. 'स्वतःला बरं करणं' ते एवढंच. या क्षमतेला सीमा आहेत. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तिथे कितीही बरगड्या मोकळ्या केल्या तरी इन्सुलिन येणार नाही.

स्टिलचा औषधविरोध पाऱ्याच्या आणि अफूच्या जमान्यातला होता. तेव्हा तो शहाणपणाचा होता. आज तोच पाठ करून कोणी तुमच्या गोळ्या थांबवायला सांगत असेल, तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

६. 'पाच मॉडेल' म्हणजे काय? आमच्या थेरपिस्टने भिंतीवर तक्ता लावलाय.

एकाच माणसाकडे पाच खिडक्यांतून बघण्याची ती पद्धत आहे. उदाहरणानेच बोलू.

पन्नाशीच्या एक शिक्षिका. तीन महिने उजवा खांदा दुखतोय, फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

पहिली खिडकी हालचालीची. खांदा किती वळतो, पाठीचा वरचा भाग आखडलाय का, बरगड्या साथ देतात का? दुसरी श्वासाची आणि रक्ताभिसरणाची. दिवसभर वर्गात बोलून त्या वरवरचा श्वास घेत असतील, तर मानेचे स्नायू श्वासासाठी राबत राहतात आणि त्यांना विश्रांती मिळत नाही. तिसरी मज्जासंस्थेची. दुखण्याला तीन महिने झाले की कधी कधी धोक्याची घंटाच हळवी होते, नुसत्या स्पर्शानेही वाजते. चौथी चयापचयाची: झोप, आहार, थायरॉइड, साखर. पाचवी वागण्याची आणि नात्यांची. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, त्यांना उचलणं-बसवणं बाईंकडेच, आणि ते काम कोणाला सांगायचीही सोय नाही.

आता यातली महत्त्वाची खिडकी कोणती? या बाईंपुरतं माझं उत्तर चौथी. असा आखडलेला खांदा, म्हणजे 'फ्रोझन शोल्डर', मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून खांद्याला हात लावण्याआधी मी साखर तपासून घ्यायला सांगेन. त्यानंतर पाचवी, कारण सासूबाईंना उचलण्याची पद्धत बदलली नाही तर माझं आठवड्याचं अर्ध्या तासाचं काम रोज संध्याकाळी पुसलं जाईल.

तक्ता चांगला आहे. पण तक्ता भिंतीवर पाच मॉडेलचा आणि हात कायम पहिल्याच मॉडेलवर, असंही बरंच दिसतं. तुमच्या थेरपिस्टने पहिल्या भेटीत झोप, घर, औषधं याबद्दल एकही प्रश्न विचारला नसेल, तर तक्त्याला अर्थ नाही.

७. 'तुमचा मणका सरकलाय, मी बसवतो' असं सांगितलं. खरंच सरकतो का?

ते ज्या अर्थाने सांगतात त्या अर्थाने नाही. अपघातात मणका खरोखर सरकतो, काही आजारांत एक मणका दुसऱ्यावरून हळूहळू पुढेही येतो, पण ते एक्स-रेत दिसतं आणि अंगठ्याने दाबून मागे जात नाही.

आपल्याकडे ही भाषा जुनी आहे. वाटी सरकते, बेंबी सरकते, शिरेवर शीर चढते, उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. स्टिलच्या पिढीतले ऑस्टिओपॅथही सरकलेल्या हाडांच्याच भाषेत बोलत. पुढे व्यवसायाने ती सोडली. आज 'सोमॅटिक डिसफंक्शन' म्हणतात, म्हणजे एखाद्या भागाचं नीट काम न करणं. त्याच्या चार खुणा हाताने शोधतात: ऊतींचा बदललेला पोत, दोन बाजूंतली तफावत, अडलेली हालचाल आणि दाबल्यावर दुखणं. हाड जागेवरच असतं, हालचाल अडलेली असते.

या चार खुणांबाबतही जपूनच बोलायला हवं. दोन बाजूंतली तफावत प्रत्येकात असते. दुखणाऱ्या जागेवर दोन तपासनीसांचं बऱ्यापैकी जमतं, बाकीच्या तीन खुणांवर बरेचदा नाही.

'रचना बिघडली की कार्य बिघडतं' हे तत्त्वही सरळ रेषेत चालत नाही. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा मोठा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्यांची झीज दिसली. वारकरी आजोबांचा एक्स-रे आठवा.

८. दुखतंय कंबरेत आणि ऑस्टिओपॅथ मात्र बरगड्या, पोट, घोटा तपासतात. फसवताहेत का?

बहुधा नाही. पूर्वी मुरगळलेल्या घोट्यामुळे तुम्ही पाय वाचवून चालत असाल तर कंबरेवर त्याचा भार येतो, हे तपासून बघणं रास्त आहे. मात्र संबंध असू शकतो आणि संबंध आहे, यात फरक असतो. चांगला ऑस्टिओपॅथ घोट्यावर काम करून लगेच तुम्हाला वाकायला सांगेल आणि काही बदललं का ते विचारेल. काहीच बदललं नाही, तर 'माझा अंदाज चुकला' म्हणेल. हे वाक्य तुम्ही त्याच्या तोंडून कधीच ऐकलं नसेल, तर मात्र सावध व्हा.

९. आयुर्वेदात 'स्वस्थ' म्हणतात, तीच ही कल्पना ना?

नातं दिसतं, पण घराणी वेगळी. सुश्रुताच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया सम असणं आणि आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न असणं, हे दोन्ही आहे. रोगाचं नावही न घेता आरोग्याची व्याख्या करणं आणि मनाला त्यात जागा देणं, इथवर स्टिल आणि सुश्रुत शेजारी बसतील. पुढे वाटा फुटतात. आयुर्वेदाचा पाया त्रिदोषांचा, तर ऑस्टिओपॅथीचा शवविच्छेदनातून शिकलेल्या पाश्चात्त्य शरीररचनेचा. 'हे आपल्याकडे आधीच होतं' म्हणून दोन्ही एका डब्यात भरलं की दोन्ही नीट समजत नाहीत.

जाता जाता, मराठीत 'स्वस्थ बस' म्हणजे हलू नकोस. ऑस्टिओपॅथला हे अजिबात चालणार नाही.

१०. मुलगी अमेरिकेत असते. तिच्या डॉक्टरच्या नावापुढे एम.डी. नाही, डी.ओ. आहे. डॉक्टर बदलायला सांगू का?

गरज नाही. अमेरिकेतला डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हा पूर्ण अधिकाराचा डॉक्टर असतो. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, बाळंतपण करतो. १९७३ पर्यंत सर्व राज्यांनी त्यांना पूर्ण परवाने दिले होते आणि २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांचं पदव्युत्तर प्रशिक्षण एकाच मान्यतेखाली चालतं. हाताने उपचार ते शिकतात, पण रोजच्या कामात अनेक जण क्वचितच वापरतात.

दोघांतली भिंत किती पातळ होती याचा एक किस्सा. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात दोन हजारांच्या आसपास डी.ओ. डॉक्टरांना ६५ डॉलर भरून एम.डी. पदवी घेता आली. कालचा वेगळ्या पंथाचा माणूस आज मुख्य प्रवाहात!

मुलगी लंडनला असती तर उत्तर वेगळं असतं. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने 'ऑस्टिओपॅथ' ही उपाधी संरक्षित आहे आणि नोंदणी सक्तीची आहे, पण ऑस्टिओपॅथ तिथे डॉक्टर नसतो आणि त्या पात्रतेवर औषधं लिहून देऊ शकत नाही.

११. भारतात कोणाकडे जावं?

आधी शिक्षण विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये किमान अपेक्षा छापल्या आहेत. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यासाठी ४,२०० तास, त्यात देखरेखीखाली रुग्ण बघण्याचे किमान १,००० तास. आधीच आरोग्य क्षेत्रात शिकलेल्यासाठी हा अभ्यासक्रम छोटा असतो. आपल्याकडे बरेच जण माझ्यासारखेच फिजिओथेरपीतून आलेले आहेत. शनिवार-रविवारच्या दोन कार्यशाळा करून पाटी लावलेलेही आहेत. 'किती तास शिकलात?' हा प्रश्न उद्धट नाही.

१२. कायरोप्रॅक्टिक आणि हे एकच का?

नाही. कायरोप्रॅक्टिक डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवात सुरू केलं. स्टिलचा भर रक्तवाहिनीवर, पामरचा मज्जातंतूवर. आज तंत्रांत बरीच सरमिसळ आहे. मणका 'कट्कन' वाजवणं दोघंही करतात. तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब अचानक घटतो, वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.

१३. या सगळ्याला पुरावा काय?

आरोग्याची कल्पना पटणं आणि उपचाराचा गुण येणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या व्यवसायात पहिल्याच्या जोरावर दुसरा खपवला जातो, याचा मला राग येतो.

कंबरदुखीवर सर्वाधिक अभ्यास आहेत. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत ऑस्टिओपॅथीचा गट आणि नेहमीच्या उपचारांचा गट सारखेच सुधारले, मात्र पहिल्या गटाला औषधं कमी लागली. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत खऱ्या उपचाराची तुलना लुटुपुटीच्या उपचाराशी केली. फरक निघाला, पण इतका लहान की रुग्णाला जाणवेल की नाही याचीच शंका. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, हाताचे उपचार विचारात घ्या, पण व्यायामाच्या जोडीनेच.

कंबर-मानेपलीकडे, म्हणजे दमा, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, वारंवार होणारे संसर्ग, तिथे ठाम दावा करण्याइतकं बळ पुराव्यात नाही.

१४. बाळाच्या डोक्याला नुसता हलका हात लावून बसतात. त्याने काय होतं?

ही क्रेनिअल, म्हणजे कवटीवर काम करणारी शाखा. स्टिलचे विद्यार्थी विल्यम सदरलँड यांना कवटीतल्या हाडाची तिरकी कड माशाच्या कल्ल्यांसारखी वाटली आणि त्यावरून कवटीची हाडं 'श्वास घेतात', त्यांना स्वतःची लय असते, ही कल्पना निघाली. अडचण अशी की तीच लय दोन तपासनीसांनी मोजली तर त्यांचे आकडे जुळत नाहीत. जे दोघांना सारखं सापडत नाही, त्यावर निदान उभं करणं मला जमत नाही. माझे काही सहकारी याबाबत माझ्यावर नाराज आहेत.

अनेक बाळं त्या हाताखाली शांत होतात, हे खरं आहे. उबदार, घाई नसलेला हात आणि अर्धा तास विसावलेली आई, यातही बरंच काही असावं. बाळ दूध ओढत नसेल, वजन वाढत नसेल, तापलं असेल तर मात्र सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा.

१५. बाबांना पार्किन्सन्स आहे, बरा होणार नाही. त्यांच्या बाबतीत 'आरोग्य' या शब्दाला अर्थ आहे का?

मला वाटतं, कल्पनेचा खरा उपयोग इथेच आहे. आजार आणि आरोग्य ही तराजूची दोन पारडी धरली, तर बाबांचं पारडं खाली गेलेलं आहे, विषय संपला. पण आरोग्य म्हणजे सावरण्याची ताकद धरली, तर विचारायला पुष्कळ उरतं. खुर्चीतून उठताना किती मदत लागते? छाती ताठरल्याने खोकून कफ बाहेर काढता येतो का? रात्री कूस बदलता येते का? यातल्या एखाद्या ठिकाणी थोडी मोकळीक मिळाली, तर दिवस बदलतो. आजार तोच राहतो, न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या त्याच वेळेवर चालू राहतात.

१६. कोणत्या वेळी ऑस्टिओपॅथकडे जाऊच नये?

लघवी अडणं किंवा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा पूर्वीचा कर्करोग असेल तर आधी डॉक्टर. अचानक उद्भवलेलं, पूर्वी कधी न अनुभवलेलं मानेचं-डोक्याचं दुखणं, सोबत चक्कर, बोलताना अडखळणं, दोन दोन दिसणं, तरीही सरळ रुग्णालयात. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची ती खूण असू शकते. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर झटक्याचे उपचार नकोत, आणि त्यांनी विचारलं नाही तरी हे तुम्ही सांगा.

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं साधारण आहे. पण वाढतच जाणाऱ्या दुखण्याला कोणी 'शरीर शुद्ध होतंय' म्हणत असेल तर ऐकू नका.

१७. आता काही दुखत नाही. तरी दर महिन्याला 'मेन्टेनन्स'ला यायला सांगतात. जाऊ का?

शरीर स्वतःला सांभाळतं असं मानणाऱ्यांनीच तुम्हाला वर्षाचं पॅकेज विकावं, यातला विनोद तुमच्या लक्षात आला असेलच. प्रश्न २ मधल्या मापाने बघा. उपचारांनंतर तुमची स्वतःची सावरण्याची ताकद वाढली असेल, तर दोन भेटींमधलं अंतर वाढत जायला हवं. ते महिनोन् महिने चार आठवड्यांवरच अडलेलं असेल, तर एक तर उपचार लागू पडत नाहीत किंवा ते तुम्हाला लागतच नाहीत.

अपवाद आहेत. बाबांसारखा वाढत जाणारा आजार असेल, किंवा रोज पोती उचलणाऱ्या माणसासारखं काम सोडता येत नसेल आणि शरीरावर तोच भार पुन्हा पुन्हा पडत असेल, तर अधूनमधून जाणं समजू शकतं. बाकीच्यांनी थेरपिस्टला विचारावं: 'मी घरी काय केलं म्हणजे मला तुमच्याकडे यावं लागणार नाही?' उत्तरात दोन व्यायाम मिळाले तर ते करा. कॅलेंडर पुढे सरकवलं, तर पैसे वाचवा.